गद्रेकाकांचा फोन आला नाही

रुपाली ठाकरेचा धंदा बसून करायचा होता, आणि नेमकं बसणंच तिला जमत नसे. पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलेली बाई. कानात हेडफोन, पायाखाली आवाज थांबवायचं-चालवायचं पेडल आणि समोर कॉम्प्युटर, अशी तिन्ही बाजूंनी बांधून घातलेली असूनही ती मधूनच उठायची आणि मीटरच्या पेटीपर्यंत एक फेरी मारून यायची. लाइट आहे की नाही हे डोक्यावरचा पंखाही सांगतो, त्यासाठी मीटरपाशी जावं लागत नाही, असं हेमाने तिला एकदा नम्रपणे सुचवून पाहिलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची सगळी हकिगत यंत्रात बोलून ठेवतात आणि घरी जेवायला जातात. त्यांचं ते बोलणं इंटरनेटवरून खराडीच्या एका कंपनीत यायचं आणि तिथून कर्वेनगरातल्या रुपालीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. रुपाली आणि तिच्याकडे कामाला असलेली हेमा ते ऐकून शब्दन् शब्द टाइप करायच्या आणि ठरल्या वेळेत परत पाठवायच्या. हेमा रोज लोणी काळभोरहून बस बदलत यायची. रुपाली अमरावतीकडची. बी.एस्सी. करून पुण्यात आली, पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात मान मोडून काम केलं, मग स्वतःचं सुरू केलं. लग्नाचं विचारणाऱ्या मावश्यांना ती म्हणायची, आधी लाइटचं वेळापत्रक लागू दे, मग माझं लावा.

ती भारनियमनाची वर्षं होती. एकीकडे शहराच्या कडेने काचेच्या इमारती उठत होत्या, पेपरात रोज कुठल्या तरी नव्या कंपनीचं भूमिपूजन, आणि दुसरीकडे घरोघरी मेणबत्त्यांचे गठ्ठे. गुरुवारी तर दुरुस्तीच्या नावाखाली दुपारभर सगळं ठप्प. कॉम्प्युटरला जोडलेली बॅटरी जेमतेम फाइल सेव्ह करण्यापुरती टिकायची. दोनदा काम उशिरा गेलं. तिसऱ्यांदा गेलं तर काम दुसरीकडे जाईल, असं कंपनीने गोड इंग्रजीत कळवलं. म्हणजे बाडबिस्तरा गुंडाळून अमरावतीची गाडी, हा त्याचा मराठी अर्थ रुपालीने आपला आपणच लावला.

म्हणून जनरेटर आला. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून, लहानशा ट्रंकेएवढा, पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालणारा. बसवून द्यायला शंभू नावाचा मेकॅनिक आला आणि रुपालीने त्याला प्रश्न विचारून विचारून घाम फोडला. सुरू करायचा पेट्रोलवर. गरम झाला की पेट्रोलचा कॉक बंद करायचा, आत उरलेलं पेट्रोल संपत आलं आणि यंत्र अडखळायला लागलं की मग गॅस सोडायचा. दोन्ही एकदम कधीच चालू ठेवायचं नाही. गरम असताना टाकीत पेट्रोल ओतायचं नाही. सिलिंडर उभा आणि सायलेन्सरपासून लांब. मीटरपाशी चेंजओव्हरचा खटका, म्हणजे आपली वीज उलटी लाइनवर जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेणार नाही. रुपाली हे सगळं सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखं पाळायची. गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून रोज बुडबुडे बघायची. आगीची तिला भीती होती, शॉकची होती, आणि ज्याची भीती होती त्याचा बंदोबस्त तिने चोख केला होता. जाताना शंभू म्हणाला होता, ताई, मोकळ्या हवेतच लावा. ती हो म्हणाली. पुढच्या बाल्कनीहून मोकळं काय असणार?

आता गद्रेकाका. शरच्चंद्र गद्रे विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालेले. सारा जन्म नारायण पेठेत काढून ते उतारवयात या इमारतीत, रुपालीच्या बरोबर वर, शेवटच्या मजल्यावर राहायला आलेले. सोसायटीचे चेअरमनही तेच, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं आणि दुसऱ्या कुणाला होऊ द्यायला ते तयार नव्हते. दुपारी जेवण झाल्यापासून चहापर्यंत ते झोपत. या झोपेत जगाने ढवळाढवळ करू नये एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा होती, आणि जग ती पाळत नाही हे त्यांचं जुनं दुःख होतं.

जनरेटर पहिल्या दुपारी सुरू झाला आणि लगेच फोन वाजला.

"नमस्कार. वरून गद्रे बोलतोय. आपण खाली पिठाची गिरणी काढलीत असं कानावर आलं. कानावर म्हणजे अक्षरशः."

रुपालीने माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"काल नुसता आवाज होता. आज पेट्रोलचा वासही आहे. उद्यासाठी काय योजलंत?"

असे फोन रोजचे झाले. ते कधी ओरडले नाहीत, कधी अपशब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, कारण ओरडणाऱ्याशी भांडता येतं. फोन ठेवल्यावर रुपालीला तासभर काही सुचायचं नाही. टाइप करताना तिचा एक कान डॉक्टरकडे आणि दुसरा टेलिफोनकडे असायचा. शेवटी सोसायटीच्या सभेची सूचना जिन्यात लागली. येत्या रविवारी. विषय दुसरा: सदनिकेत चालविल्या जाणाऱ्या यंत्राबाबत निर्णय. निर्णय काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. गद्रेकाकांनी बोट वर केलं की बाकीची बोटं आपोआप वर जात. सभेआधीचा गुरुवार तक्रारीशिवाय गेला तर काही बोलता येईल, एवढीच आशा उरली होती.

काकूंशी मात्र तिचं जमायचं. कुसुमकाकू दर गुरुवारी कात्रजला बहिणीकडे जायच्या आणि घराची जादा किल्ली रुपालीकडे ठेवून जायच्या. तू बाई घरातच असतेस, आणि यांना झोपेत दार वाजलेलं कळत नाही, म्हणायच्या. नवऱ्याच्या फोनबद्दल त्यांनी एकदाच विषय काढला. मनावर घेऊ नकोस, म्हणाल्या, त्यांना माझ्या पोळी लाटण्याचाही आवाज होतो.

रुपालीने कंबर कसली. वास नको ना? मग सुरुवातीचा क्षण सोडला तर यंत्र फक्त गॅसवर. गॅसवर चालवलं की वास जवळजवळ नाहीच. आवाज नको ना? मग पुढच्या बाल्कनीतून उचलून ते मागे, स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत. धुणं-भांड्यांची ती चिंचोळी जागा इमारतीच्या मधल्या डक्टवर, म्हणजे हवेसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवर उघडते, रस्त्यावर नाही. सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली, आतून काचेच्या लोकरीचं अस्तर, आणि सायलेन्सरचं तोंड डक्टकडे. डक्ट वरपर्यंत जातो, म्हणजे धूर परस्पर आकाशात. तो आकाशापर्यंत पोचत नव्हता ही गोष्ट वेगळी. पारव्यांनी डक्टमध्ये घाण केली म्हणून गेल्या दिवाळीत चेअरमनसाहेबांनी गच्चीवरून त्याचं तोंड फायबरच्या पत्र्यांनी बंद करून घेतलं होतं. त्या ठरावाला टाळ्या पडल्या होत्या. रुपालीनेही वाजवल्या होत्या.

गुरुवारी जेवणं आटोपली आणि लाइट गेले. रुपालीने तेल बघितलं, साबणाचा फेस लावला, पेट्रोलवर यंत्र सुरू केलं, मग गॅसवर घेतलं आणि पेटीचं दार लावलं. स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली. आवाज जेमतेम फ्रीजएवढा. वास नाहीच. पंखा फिरत होता, कॉम्प्युटर चालू होते. ती फोनकडे बघत बसली.

फोन वाजला नाही.

हेमा हसली, मॅडम, जमलं तुम्हाला. रुपालीही हसली. हेडफोन लावून तिने एक फाइल पुरी केली, गुडघ्याच्या ऑपरेशनची. दुसरी सुरू केली. मग उठून मीटरपाशी जाऊन आली. मग फोनचा रिसीव्हर उचलून टोन आहे का ते पाहिलं. टोन होता. परत बसली. माणसाचं मन मोठं विचित्र असतं. महिनाभर ज्या फोनने तिचं रक्त आटवलं, तो आज वाजत नाही म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. काका घरात नसतील असं तिने स्वतःला समजावलं. पण काकू किल्ली देताना म्हणाल्या होत्या, आज आमरस झालाय, त्यामुळे स्वारी लवकर आडवी होणार. मग त्यांना ऐकूच येत नसेल. पण ज्या माणसाला पोळी लाटण्याचा आवाज होतो त्याला खालच्या मजल्यावरची एवढीही घरघर कळू नये? निदान एक फोन, कालच्यापेक्षा बरं आहे असं तिरकस सांगायला तरी. अशी संधी सोडणारा हा माणूस नव्हता.

ती पुन्हा उठली.

"मॅडम, तुम्ही बसा की जरा," हेमा म्हणाली आणि कपाळ दाबत मान खाली घातली. "माझं डोकं लई जड झालंय. मळमळतंय पण."

उन्हामुळे असेल, पाणी पी, असं म्हणायला रुपालीने तोंड उघडलं. तिच्या कानात दुसराच आवाज सुरू झाला होता, सर्दी झालेल्या कुणा अमेरिकन डॉक्टरचा. गेल्या थंडीतली फाइल. बर्फाच्या वादळात लाइट गेलेलं घर, गॅरेजात लावलेला जनरेटर, आधी मुलीला डोकेदुखी आणि मळमळ, मग वडील झोपेतच बेशुद्ध. कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही आणि वास नाही. रुपालीने ते सगळं टाइप केलं होतं. एकही चूक न करता. स्वल्पविरामही जागच्या जागी होते. फाइल पाठवून तिने चहा केला होता आणि त्यानंतर जनरेटर विकत घेतला होता. कानातून शिरलेलं बोटांतून निघून गेलं, डोक्यात थांबलंच नाही.

तिने आधी सिलिंडर बंद केला. सगळ्या खिडक्या उघड, असं हेमाला ओरडून सांगितलं आणि किल्ली घेऊन जिना चढली. बेल दाबली, ती वाजली नाही, लाइटच नव्हते. दारावर थापा मारल्या. मग किल्लीने दार उघडून आत शिरली. पुढच्या खोल्या उन्हाने तापलेल्या आणि रिकाम्या होत्या. पंखा नसला की काका आतल्या खोलीत झोपत, कारण तिथे डक्टच्या खिडकीतून गारवा यायचा. खिडकी सताड उघडी होती. खाली सतरंजीवर काका पडले होते, घशातून घरघर येत होती, आणि हाका मारल्या, हलवलं, तरी डोळे उघडत नव्हते.

ती घाबरली होती, पण तिचे हात घाबरले नव्हते. तिने सतरंजीची दोन टोकं धरली आणि ओढत ओढत काकांना पुढच्या बाल्कनीत, मोकळ्या हवेत आणलं. तोवर हेमा भिंतीला धरत वर आली. तिने बाल्कनीतून खाली वाकून वॉचमन संभाजीला बोलावलं. त्याने आणि रुपालीने काकांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं आणि रिक्षात घालून कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये नेलं. हेमालाही सोबत घेतलं. वाटेत रुपालीने संभाजीच्या मोबाइलवरून कात्रजला निरोप दिला.

नर्सिंग होमचे डॉक्टर तरुण होते आणि त्यांनी हयगय केली नाही. नाडी, रक्तदाब, साखर, सगळं पाहिलं. ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला लावला.

"ऑक्सिजन तर उत्तम आहे," ते म्हणाले. "रंगही चांगला आहे, लालसर. ऊन लागलेलं दिसतंय. फॅन नाही, वय झालेलं, वर आमरस. सलाइन लावू. तासाभरात सुधारणा नसेल तर डोक्याचा स्कॅन करायला मोठ्या हॉस्पिटलला हलवू."

तेवढ्यात कुसुमकाकू आल्या. पदर खांद्यावरून घसरलेला, पायात बहिणीच्या चपला. संभाजीने त्यांना दारातच सगळं सांगितलं होतं. त्यांनी सरळ येऊन रुपालीचे दोन्ही हात धरले.

"पोरी, तू होतीस म्हणून. तुला रोज एवढं बोलतात, तरी तू धावलीस. मी रविवारी सभेत सांगणार आहे सगळ्यांना."

ऊन लागलं. हे दोन शब्द रुपालीच्या समोर एखाद्या उघड्या दारासारखे उभे होते. डॉक्टर म्हणतायत, काकू आभार मानतायत, मग आपण कशाला बोला? सलाइन लागलंय, मोकळी हवा आहे, माणूस कदाचित असाही शुद्धीवर येईल. जनरेटर राहील. सभेत काकू तिच्या बाजूने बोलतील. तिला खरंच सुटल्यासारखं वाटलं. आणि मग स्वतःचीच शिसारी आली. कारण त्या सर्दी झालेल्या डॉक्टरचं पुढचं वाक्यही तिला आठवत होतं. बोटावरचा चिमटा या विषात फसतो. तो उत्तम दाखवत राहतो आणि माणूस आतून गुदमरत राहतो.

तिने काकूंच्या हातांतून आपले हात सोडवले.

"डॉक्टर, ऊन नाही लागलं त्यांना. माझ्या जनरेटरचा धूर आहे. कार्बन मोनॉक्साइड. डक्टमधून वर त्यांच्या खोलीत गेला. तुमच्या चिमट्याला ते कळत नाही. हिलाही थोडं झालंय, डोकं दुखतंय हिचं. त्यांना ऑक्सिजन लावा, पूर्ण जोरात, घट्ट बसणारा मास्क. काऊन थांबले तुम्ही?"

शेवटचं वाक्य सरळ अमरावतीहून आलं. डॉक्टरांनी एकदा हेमाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा काकांच्या, आणि पुढचे प्रश्न त्यांनी ऑक्सिजनच्या सिलिंडरचा नळ सोडता सोडता विचारले. किती वेळ चालू होतं, खोली केवढी, खिडकी कुठे उघडते. काकांना मास्क लागला, हेमालाही दुसरा लागला. रक्त तपासायला गेलं. डॉक्टरांनी आपल्या सरांना फोन केला आणि सरांनी सांगितलं, काय वाट्टेल ते झालं तरी मास्क काढू नका.

कुसुमकाकू सगळं ऐकत उभ्या होत्या. त्यांना धूर कळला, डक्ट कळला. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"एवढं सगळं तुला ठाऊक होतं?"

ठाऊक होतं आणि नव्हतं, हे त्यांना कसं सांगायचं? माणसाला ठाऊक असतं तेव्हा तो ते करत नाही. पण हा वाद घालायची ती जागा नव्हती.

"हो," रुपाली म्हणाली.

 काकू पलंगाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या आणि नवऱ्याच्या पायांवर हात ठेवला. रुपालीला त्यांनी जा म्हटलं नाही आणि थांब म्हटलं नाही. ती कधी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायची, कधी दारात येऊन मास्कमधली वाफ बघायची. येतेय, जातेय. खराडीची फाइल राहिली ती राहिलीच. हेमाला बरं वाटल्यावर संभाजीने तिला तिच्या पुण्यातल्या बहिणीच्या घरी सोडलं. जाताना ती म्हणाली, मॅडम, कंपनीला फोन तरी करा. रुपालीने मान हलवली आणि फोन केला नाही.

दिवेलागणीला काकांनी डोळे उघडले. आधी छत पाहिलं, मग काकूंना, आणि मग दारात उभ्या असलेल्या रुपालीला. डॉक्टरांनी बोटं मोजायला लावली, नाव विचारलं, पत्ता विचारला. पत्त्यात पिन कोड सांगून काकांनी डॉक्टरांनाच तो पाठ आहे का ते विचारलं. तेव्हा कुठे काकूंनी डोळ्याला पदर लावला. डॉक्टर समाधानाने बाहेर गेले.

काकांनी रुपालीला बोटाने जवळ बोलावलं आणि मास्क थोडा बाजूला केला.

"आपण मला इथे आणलंत, असं डॉक्टर आत्ता म्हणाले."

रुपालीने नुसती मान डोलावली.

"आणि दुपारी आपण ते यंत्रही लावलं नाहीत," काका म्हणाले. आवाज खोल गेलेला होता, शब्द एकेक करून येत होते. "माझ्या लक्षात आलं. महिन्याभरात अशी झोप लागली नव्हती. आवाज नाही, वास नाही. किती शांत. ऊन लागलं असेल ते नंतरचं. रविवारच्या सभेतला विषय मी मागे घेतो. समोरच्याने आपलं ऐकलं की आपणही त्याचं ऐकावं."

महिनाभर जे ऐकायला तिचे कान आसुसले होते ते हेच. कुसुमकाकू मान वर करून तिच्याकडे बघत होत्या. त्या आपण होऊन सांगणार नव्हत्या, हे त्यांच्या बघण्यावरून स्पष्ट होतं. त्यांनी हात पुढे करून मास्क परत नवऱ्याच्या नाकावर नीट बसवला आणि त्याचा रबर कानामागे अडकवला.

"काका," रुपाली म्हणाली, "ते चालू होतं."